दक्षिण चीन समुद्राच्या नावात चीन आहे, म्हणून तो चीनचा होतो का?

प्रश्न असा आला आहे: फिलिपिन्स या समुद्राला 'पश्चिम फिलिपिन्स समुद्र' म्हणतो, व्हिएतनाम 'पूर्व समुद्र' म्हणतो, बाकीचं जग 'दक्षिण चीन समुद्र' म्हणतं. मग अधिकृत नाव कोणतं? आणि नावातच चीन असल्यामुळे चीनचा दावा आपोआप बळकट होत नाही का?

आधी सरळ उत्तर देतो. समुद्राच्या नावामुळे कुणालाही त्या पाण्यावर हक्क मिळत नाही. हक्क मोजला जातो तो जमिनीपासून. पण या समुद्रातल्या प्रत्येक खडकाला नाव काय आहे, ते नाव पहिल्यांदा कुणी लिहून ठेवलं आणि तो खडक भरतीच्या वेळी पाण्याबाहेर राहतो की नाही, या तीन गोष्टींवरून मात्र देशादेशांत रक्त सांडलं आहे. मी व्यापारी जहाजांवर कॅप्टन होतो आणि या पाण्यातून दोन्ही मोसमांत पुष्कळ ये-जा केली आहे. म्हणून नावांच्या आधी समुद्र सांगतो. तो डोळ्यांपुढे नसेल तर वाद नुसता भांडखोरपणा वाटतो, आणि तो तसा नाही.

सिंगापूरच्या सामुद्रधुनीतून पूर्वेला बाहेर पडताना हॉर्सबर्ग दीपगृह लागतं. ते ज्या खडकावर उभं आहे त्याचं नाव पेद्रा ब्रांका. त्याच्या मालकीसाठी मलेशिया आणि सिंगापूर आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले आणि २००८ साली तो सिंगापूरला मिळाला. एवढासा खडक, पण दोन देशांनी त्यासाठी वर्षानुवर्षं कागदपत्रं गोळा केली. या समुद्राच्या दारातच ही गोष्ट घडली आहे, हे लक्षात ठेवा.

तिथून पुढे जो पसरतो तो समुद्र सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या देशाच्या क्षेत्रफळाहून थोडा मोठाच. पश्चिमेला व्हिएतनाम, उत्तरेला चीन आणि तैवान, पूर्वेला फिलिपिन्स, दक्षिणेला मलेशिया, ब्रुनेई, इंडोनेशिया. नैर्ऋत्येकडचा भाग उथळ आहे, बहुतेक ठिकाणी शंभर मीटरही खोली नाही. हिमयुगात ही चक्क जमीन होती. ईशान्येकडे मात्र तळ एकदम खाली जातो, चार हजार मीटरच्याही खाली, आणि मनिला गर्तेत पाच हजारांच्या पुढे. हा फरक नुसता भूगोलाच्या पुस्तकातला नाही. चीनचा अणुपाणबुड्यांचा तळ हैनान बेटाच्या दक्षिण टोकाला आहे. पाणबुडीला लपायला खोल पाणी लागतं, आणि ते चीनला पीत समुद्रात मिळत नाही, इथे मिळतं. बीजिंगला हा समुद्र आपल्या अंगणासारखा राखायचा आहे त्यामागे मासे आणि तेल यांच्याइतकंच हेही कारण आहे, असं माझं मत आहे.

या समुद्रात शिरण्या-निघण्याच्या वाटा मोजक्या. नैर्ऋत्येला मलाक्का आणि सिंगापूरची सामुद्रधुनी. तिथे फिलिप्स चॅनलजवळ वाट जेमतेम तीन किलोमीटर रुंद होते आणि मोठ्या टँकरला तळाखाली किमान साडेतीन मीटर पाणी राखूनच जावं लागतं. उत्तरेला तैवानची सामुद्रधुनी. ईशान्येला लुझोनची सामुद्रधुनी, रुंद आणि खोल, थेट प्रशांत महासागरात उघडणारी. २०१६ साली या समुद्रातून सुमारे ३.४ लाख कोटी डॉलरचा माल गेला, असा सीएसआयएस या अमेरिकी अभ्याससंस्थेचा अंदाज आहे. त्याच अंदाजानुसार चीनच्या स्वतःच्या सागरी व्यापारापैकी जवळजवळ दोन तृतीयांश याच पाण्यातून जातो. चीन हा समुद्र बंद करील अशी भीती घालणाऱ्यांनी हा दुसरा आकडाही सांगायला हवा. बंद झाला तर पहिला गळा चीनचाच आवळला जाईल.

आता मधला भाग. सिंगापूरहून हाँगकाँगकडे निघालेलं जहाज समुद्राच्या मधून सरळ रेषेत जात नाही. ते व्हिएतनामच्या बाजूने वर चढतं आणि पॅरासेल बेटं डावीकडे, मॅकल्सफील्ड बँक हा पाण्याखालचा उथळ भाग उजवीकडे ठेवून निघतं. कारण मध्य-पूर्वेला पालावान बेटाच्या पश्चिमेस शेकडो प्रवाळखडकांचा मोठा पट्टा आहे. ब्रिटिश ॲडमिरल्टीच्या चार्टवर, म्हणजे सागरी नकाशावर, त्या पट्ट्याचं नाव आजही छापलेलं असतं: 'डेंजरस ग्राउंड', धोक्याची जागा. तिथलं सर्वेक्षण जुनं आणि तुटक. तळ हजारो मीटरवरून अचानक वर येऊन पाण्याखाली दोन मीटरवर थांबतो, त्यामुळे खोली मोजणारं यंत्र इशारा देईपर्यंत उशीर झालेला असतो. आम्हाला शिकवलं गेलं ते एवढंच, की तिकडे जायचं नाही. पूर्वेकडून जायचं झालंच तर पालावान आणि हा पट्टा यांच्यामधल्या वाटेने. त्या वाटेच्या पश्चिम कडेला हाफ मून शोल आहे (शोल म्हणजे पाण्याखालचा उथळ उंचवटा), आणि जुलै २०१२ मध्ये चिनी नौदलाची एक युद्धनौका तिथेच रुतून बसली होती. त्या पाण्यावर हक्क सांगणाऱ्या नौदलालासुद्धा ते पाणी सोडत नाही.

याच पट्ट्यात जगप्रसिद्ध स्प्रॅटली बेटं येतात. 'बेटं' हा शब्द फार उदार आहे. बहुतेक ठिकाणी ओहोटीला थोडा खडक दिसतो आणि भरतीला लाट फुटलेली दिसते, बस.

नावांकडे येतो. हे पाणी नेहमीच चीनच्या नावाने ओळखलं जात नव्हतं. अरब खलाशी त्याच्या पश्चिम भागाला 'सन्फ'चा समुद्र म्हणत. सन्फ म्हणजे चंपा, आजच्या मध्य आणि दक्षिण व्हिएतनामच्या किनाऱ्यावरचं राज्य. तिथल्या राजांचे शिलालेख संस्कृतात आहेत आणि तिथल्या 'मी सन' या ठिकाणच्या शिवमंदिरांच्या दुरुस्तीचं काम अलीकडे आपल्याच पुरातत्त्व खात्याने केलं. पुढे १५१० साली गोवा आणि १५११ साली मलाक्का घेऊन पोर्तुगीज या पाण्यात आले. त्यांना जायचं होतं चीनला, म्हणून त्यांच्या नकाशांवर हा चीनचा समुद्र झाला. जिथे जायचं त्याचं नाव वाटेला द्यावं, इतका साधा हिशोब. मालकीची कल्पनाही त्यात नव्हती. नंतर पूर्व चीन समुद्रापासून वेगळा ओळखू यावा म्हणून 'दक्षिण' जोडलं गेलं.

गंमत पाहा, खुद्द चीन त्याला 'नान हाय' म्हणतो, म्हणजे दक्षिण समुद्र. त्या नावात चीन नाही. व्हिएतनामी 'बिएन डोंग' म्हणजे पूर्व समुद्र. दोघांनीही आपापल्या किनाऱ्यावर उभं राहून दिशा सांगितली आहे. कोळी असो की राजा, किनाऱ्यावरचा माणूस समुद्राला अशीच नावं देतो.

अधिकृत नावाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेच्या 'महासागर आणि समुद्रांच्या सीमा' या पुस्तिकेपाशी येऊन थांबतो. तिची १९५३ सालची तिसरी आवृत्ती अजूनही आधार म्हणून वापरली जाते. त्यात हा समुद्र ४९व्या क्रमांकावर आहे आणि नाव 'साउथ चायना सी', सोबत 'नान हाय'. दक्षिणेची सीमा थेट सुमात्रा आणि बोर्निओच्या मधे, ३ अंश दक्षिण अक्षांशापर्यंत नेलेली आहे. पण ही पुस्तिका चार्ट छापणाऱ्यांसाठी आहे. ती कुणाला पाणी वाटून देत नाही. आपला अरबी समुद्रही तिच्यात आहे, आणि रत्नागिरीच्या समोरचे मासे त्यामुळे अरबस्तानचे झाले नाहीत. हिंद महासागराला आपलं नाव आहे म्हणून मादागास्करच्या किनाऱ्यावर दिल्लीचा कायदा चालत नाही. चीनच्या नावाबद्दलही नेमका हाच नियम.

मराठी बातम्यांमध्ये एक चूक वारंवार दिसते, ती इथे दुरुस्त करायला हवी. 'पश्चिम फिलिपिन्स समुद्र' हे संपूर्ण दक्षिण चीन समुद्राचं दुसरं नाव नाही. ५ सप्टेंबर २०१२ रोजी राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अक्विनो यांनी २९ क्रमांकाचा प्रशासकीय आदेश काढला. त्यात फिलिपिन्सच्या पश्चिमेचा, त्या देशाच्या सागरी हद्दीतला भागच या नावाने ओळखावा असं म्हटलं आहे: लुझोनचा समुद्र, कलायान बेटांभोवतीचं (स्प्रॅटलींपैकी फिलिपिन्स ज्यांवर हक्क सांगतो ती) पाणी आणि बाहो दे मासिनलोक, म्हणजे स्कारबरो शोल. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी सागरी क्षेत्रांचा कायदा करून हे आणखी पक्कं केलं, आणि २०२५च्या एप्रिलपासून गुगलच्या नकाशावरही ते नाव दिसू लागलं. इंडोनेशियाने जुलै २०१७ मध्ये नातुना बेटांच्या उत्तरेकडच्या आपल्या आर्थिक क्षेत्राला 'उत्तर नातुना समुद्र' म्हटलं, तेही असंच. दोघांनीही 'हा एवढा तुकडा आमच्या हद्दीतला' एवढंच सांगितलं आहे. मला हे दोन्ही निर्णय रास्त वाटतात, कारण हद्द आधी कायद्याने मोजली आहे आणि नाव नंतर दिलं आहे.

इथे कायदा थोडक्यात. १९६९ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने उत्तर समुद्राच्या खटल्यात तत्त्व सांगितलं की समुद्रावरचे हक्क जमिनीतून येतात. १९८२च्या सागरी कायदा कराराने त्याला आकडे दिले. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल प्रादेशिक समुद्र, २०० मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे मासे, तेल, वायू त्या देशाचे, पण जहाजांना वाट मोकळी. माणसं स्वतःच्या बळावर राहू शकतील असं बेट असेल तर त्यालाही पूर्ण २०० मैल. नुसता खडक असेल तर फक्त १२. आणि भरतीला बुडणारा उंचवटा किनाऱ्यापासून दूर असेल तर त्याला स्वतःचं काहीच नाही. त्यावर सिमेंट ओतून धावपट्टी बांधली तरी दर्जा बदलत नाही.

हे कळलं की १२ जुलै २०१६चा निकाल किती मूलगामी होता ते लक्षात येतं. जानेवारी २०१३ मध्ये फिलिपिन्सने चीनविरुद्ध लवादात दावा लावला. चीन हजरच राहिला नाही. लवादाने एकेक खडक घेतला, जुनी सर्वेक्षणं आणि नौकानयनाच्या पुस्तिका वाचल्या आणि ठरवलं: मिस्चिफ रीफ आणि सेकंड थॉमस शोल भरतीला बुडतात, सबब शून्य. स्प्रॅटलीतलं सर्वांत मोठं नैसर्गिक बेट इतु अबा तैवानच्या ताब्यात आहे, त्यावर गोडं पाणी आणि झाडं आहेत, तरी तेही खडकच. म्हणजे सगळ्या स्प्रॅटलींमधून कुणालाही २०० मैलांचं क्षेत्र मिळत नाही. आणि चीनने नकाशावर या समुद्राच्या बहुतेक भागाभोवती काढलेली तुटक रेषांची हद्द, तिच्या आतल्या साधनसंपत्तीवरचा 'ऐतिहासिक हक्क', याला कायद्याचा आधार नाही. खडक कुणाच्या मालकीचा यावर लवादाने मुद्दाम काही म्हटलं नाही, तो त्याच्या अधिकारातला विषय नव्हता. चीन हा निकाल मानत नाही. मी तो निकाल व्यवसायाच्या नजरेने वाचला आहे आणि त्यातली खडकांची छाननी मला पटते. आमच्या पुस्तिकांत जे दीडशे वर्षं लिहिलेलं होतं, ते पहिल्यांदा न्यायाच्या तराजूत गेलं.

ती तुटक रेषा १९४७ साली चीनच्या तेव्हाच्या राष्ट्रवादी सरकारच्या नकाशावर अकरा तुकड्यांची होती. कम्युनिस्ट सरकारने टोंकिनच्या आखातातले दोन तुकडे काढले, नऊ राहिले. ७ मे २००९ रोजी चीनने ती संयुक्त राष्ट्रांकडे पत्राला जोडून पाठवली तेव्हा शेजारी हादरले. २०२३च्या अधिकृत नकाशात तैवानच्या पूर्वेचा धरून दहा तुकडे आहेत. या तुकड्यांना अक्षांश-रेखांश दिलेले नाहीत. ज्या रेषेला निर्देशांक नाहीत ती रेषा चार्टवर आखता येत नाही. दर्यावर्दी माणसाला याहून मोठा आक्षेप सुचणार नाही.

आणि आता खडकांची नावं. मला यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच वाटतो, कारण समुद्राच्या मोठ्या नावामुळे काही ठरत नसलं तरी छोट्या नावांचा पुरावा म्हणून उपयोग केला जातो. 'आम्ही याला नाव दिलं, नकाशावर घेतलं, कारभार केला' अशी ती साखळी असते.

इंग्रजी नावं बहुतेक जहाजांवरून आणि माणसांवरून पडली. स्कारबरो नावाचं चहाचं जहाज १२ सप्टेंबर १७८४ रोजी त्या शोलवर आदळलं, तेच नाव राहिलं. पण १७३४च्या मुरियो वेलार्दे यांच्या फिलिपिन्सच्या नकाशात त्याच भागात 'पानाकोत' आहे, आणि मनिला आज तोच नकाशा पुढे करते. रिचर्ड स्प्रॅटली हा देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजाचा कप्तान, १८४३ साली त्याने बेट पाहून कळवलं. पॅरासेलचं पहिलं पद्धतशीर सर्वेक्षण १८०८ साली केलं ते डॅनियल रॉस यांनी, आणि ते होते ईस्ट इंडिया कंपनीच्या 'बॉम्बे मरीन'चे अधिकारी. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली सागवानी जहाजं तेव्हा कापूस आणि अफू घेऊन नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर चीनमधल्या कँटन बंदराला जात आणि ईशान्य वाऱ्यावर परत येत. त्या व्यापाराला खडक माहीत असणं गरजेचं होतं. मुंबईच्या आरमारी इतिहासाचा हा धागा आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, तो सांगायला हवा.

चीनने आपली यादी १९३५ साली केली. त्यात १३२ नावं होती आणि त्यातली पुष्कळशी ब्रिटिश चार्टवरच्या नावांचं लिप्यंतर किंवा भाषांतर होतं. जेम्स शोलचं 'झेंगमू' झालं ते 'जेम्स'च्या उच्चारावरून, आणि 'शोल' या पाण्याखालच्या उंचवट्यासाठी जो शब्द वापरला त्याचा अर्थ वाळूचा किनारा असाही होतो. तो शोल समुद्रसपाटीखाली सुमारे २२ मीटरवर आहे, मलेशियाच्या सारावाक किनाऱ्यापासून साधारण ८० किलोमीटरवर. तरीही चिनी शाळांत तो देशाचं दक्षिण टोक म्हणून शिकवला गेला. कायद्याने त्यावर कुणाचीच मालकी सांगता येत नाही, कारण तिथे जमीनच नाही. पुढे १९८३ साली २८७ नावांची यादी आली, एप्रिल २०२० मध्ये आणखी ८० नावं जाहीर झाली आणि त्यातली ५५ तर समुद्रतळावरच्या रचनांची होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये फिलिपिन्सचा कायदा होताच दोन दिवसांत चीनने स्कारबरोभोवती आधाररेषा, म्हणजे जिथून सागरी हद्द मोजतात त्या रेषा, आखल्या आणि ६४ बेटं-खडकांची प्रमाण नावं काढली. हा कार्यक्रम किती पद्धतशीर आहे ते यावरून दिसतं.

इतर देशही मागे नाहीत. पॅरासेलला चीन 'शीशा' म्हणतो, व्हिएतनाम 'होआंग सा'. १९ जानेवारी १९७४च्या लढाईपासून ती सगळी चीनकडे आहेत. स्प्रॅटली चीनला 'नान्शा', व्हिएतनामला 'त्रुओंग सा', फिलिपिन्सला तिचा मोठा भाग 'कलायान'. १४ मार्च १९८८ रोजी जॉन्सन साउथ रीफवर ६४ व्हिएतनामी सैनिक मेले. व्हिएतनाममध्ये त्या सैनिकांची नावं आजही श्रद्धेने घेतली जातात. म्हणून कुणी व्हिएतनामी सहकारी चिनी नावावर हरकत घेतो तेव्हा त्याला कोतं समजू नका.

भारताचा संबंध काय? पुष्कळ. ओएनजीसी विदेश ही आपली सरकारी तेल कंपनी १९८८पासून व्हिएतनामच्या किनाऱ्यापुढे तेल-वायूच्या कामात आहे. २२ जुलै २०११ रोजी आपली 'आयएनएस ऐरावत' न्हा त्रांगहून निघाली असताना किनाऱ्यापासून ४५ सागरी मैलांवर रेडिओवर आवाज आला, स्वतःला चिनी नौदल म्हणवणारा: तुम्ही चिनी पाण्यात शिरत आहात. आजूबाजूला जहाज दिसलं नाही आणि ऐरावत आपल्या मार्गाने पुढे गेली. व्हिएतनामच्या आर्थिक क्षेत्रात असं बोलण्याचा आधार फक्त ती तुटक रेषा. भारत अधिकृतपणे 'दक्षिण चीन समुद्र' हेच नाव वापरतो. पण जून २०२३ मध्ये फिलिपिन्सबरोबरच्या संयुक्त निवेदनात आपण २०१६च्या निकालाचं पालन व्हावं असं स्पष्ट म्हटलं. माझ्या मते हेच बरोबर आहे. नाव रूढ वापरावं, पण हक्काच्या बाबतीत कायद्याच्या बाजूने ठाम उभं राहावं.

जहाजावर आम्ही कोणतं नाव वापरतो, असंही काहींना विचारायचं असेल. ॲडमिरल्टीच्या चार्टवर जे छापलंय ते. संकटाच्या वेळी रेडिओवर मात्र नाव घेतलं जात नाही, अक्षांश-रेखांश सांगितले जातात, आणि सोळा नंबरच्या चॅनलवर ते ऐकणारा चिनी असो, फिलिपिनो असो की व्हिएतनामी, मदतीला येतो.

यापुढे बातम्या वाचताना एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. नोव्हेंबर २००२ मध्ये आसियान देश आणि चीन यांनी या समुद्रातल्या वर्तनाबद्दल जाहीरनामा केला, पण तो बंधनकारक नव्हता. बंधनकारक आचारसंहितेच्या वाटाघाटी तेव्हापासून रेंगाळल्या आहेत, आणि त्यात अडलेल्या मुद्द्यांपैकी एक आहे संहिता नेमक्या कोणत्या क्षेत्राला लागू होणार हा. व्हिएतनामला त्यात पॅरासेल हवी आहेत, चीनला ती चर्चेतच नको आहेत. मसुदा हाती आला की आधी त्यातलं क्षेत्राचं कलम शोधा. तिथे अक्षांश-रेखांश असतील तर कागदाला वजन आहे; फक्त 'दक्षिण चीन समुद्र' एवढंच लिहिलेलं असेल, तर पॅरासेलचा प्रश्न जिथे होता तिथेच आहे असं समजा.